पूल संपेपर्यंत

आवाज थांबला होता. कधी थांबला ते चितोसेला सांगता आलं नसतं. पुलावर पाऊल ठेवलं तेव्हा तो मागे होता एवढं नक्की. पीं, पीं, मध्येच एक चुकलेला, मग घाईघाईने दोन. इतोच्या पिवळ्या बुटांच्या टाचेत शिट्टी होती. तीन वर्षांच्या मुलींसाठी दुकानात त्याहून सुंदर बूट होते, रेशमी फुलं लावलेले, पण चितोसेने हे घेतले ते शिट्टीसाठीच, आणि घेताना दुकानदारणीला सांगितलं की मुलीला आवडतात. मुलीला त्यांचं काहीच नव्हतं. तो आवाज चितोसेला लागायचा. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, फोनवर बोलताना तिच्या मानेच्या मागे एक कान सतत उघडा असायचा आणि त्या कानात पीं, पीं वाजत राहिलं की बाकी दोन कानांनी ती जगाचं ऐकू शकायची. आता पुलाचा तिसरा हिस्सा तरी मागे पडला होता, खाली बांधावरून पाणी एकसारखं कोसळत होतं, डाव्या हाताला बस घुरघुरत सरकत होती, समोरून भाड्याचे किमोनो नेसलेल्या मुलींचा घोळका हसत येत होता, आणि मानेमागच्या कानात काही नव्हतं. तिची मान वळायला लागली. हनुवटी खांद्याच्या दिशेने दोन बोटं सरकलीसुद्धा. मग शेजारी चालणाऱ्या साहोच्या बाहीची कड तिच्या हाताला लागली आणि मान तिथेच थांबली.

मागे बघायचं नव्हतं. क्योतोतल्या मुलामुलींनी तेराव्या वर्षी डोंगरउतारावरच्या त्या देवळात जायचं, ब्रशने एक अक्षर लिहून बोधिसत्त्वापुढे ठेवायचं, शहाणपण मागून घ्यायचं, आणि परत येताना हा लांब पूल ओलांडेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं की मिळालेलं सगळं परत गेलं. निइगाताच्या समुद्राकाठी वाढलेल्या चितोसेला हे लग्नानंतर कळलं. तिच्या गावाकडे शहाणपण असं एका दिवसात मिळतही नव्हतं आणि जातही नव्हतं. नवऱ्याने, तोमोआकीने, गेला आठवडाभर त्यावरून साहोला छळलं होतं. मी मागून हाक मारणार, मी ओरडणार की तुझी चप्पल राहिली, माझ्या वेळी काकांनी साप साप म्हणून ओरडून माझं शहाणपण घालवलं म्हणून तर मी आज चष्मे विकतोय. साहो हसली नव्हती. साहो त्याच्या पहिल्या लग्नाची मुलगी. तिची आई हारुए गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. चितोसे घरात आली तेव्हा आठ. आज सकाळी आरशासमोर किमोनो नेसवून घेताना ती आरशातल्या चितोसेला म्हणाली, "चितोसे-सान, एक सांगू?" चितोसेच्या तोंडात पट्ट्याची दोरी होती. तिने मान हलवली. "तुम्ही सारख्या मागे बघता. रस्त्यात, दुकानात, सगळीकडे. इतो आहे की नाही म्हणून. तुम्ही वळलात की माझी मान आपोआप वळते. आजच्या दिवस नका ना बघू. आणि इतोला हाकही मारू नका. पूल संपेपर्यंतच."

एवढं बोलून ती थांबली होती आणि मग, जणू मागणं फार मोठं झालं असं वाटून, म्हणाली होती, "जमलं तर." पाच वर्षांत तिने चितोसेकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. वह्या, पैसे, शाळेच्या कागदावर सही, हे सगळं ती बापाकडे मागायची, तो घरी नसेल तर आजीला फोन करायची, आणि आजीही नसेल तर गरज नाही असं ठरवून टाकायची. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. वागणं इतकं नीटस होतं की त्याला हात घालायला कुठे जागाच सापडायची नाही, तेलाचं बोट लावू नये अशी वस्तू हातात असावी तसं. चितोसेने दोरी दातांतून काढली आणि म्हणाली, जमेल. म्हणताना तिला पोटात कुठेतरी गोड वाटलं होतं, आणि त्या गोडपणाची आता, पुलाच्या मध्यावर येता येता, तिला भीती वाटत होती.

इतो सासूबाईंबरोबर होती. हे ती मनात पुन्हा एकदा म्हणाली, तक्त्यातली ओळ वाचावी तसं. तोमोआकी कॅमेरा घेऊन पुढे गेलाय, पुलाच्या त्या टोकाला, साहो उतरताना तिचा फोटो काढायला. साहो आणि मी बरोबर. मागे दहा पावलांवर सासूबाई, त्यांच्या हातात इतोचा हात. देवळाच्या पायऱ्या उतरल्यावर तिने स्वतः तो हात त्यांच्या हातात दिला होता, आणि बोटांवर बोटं मिटेपर्यंत सोडला नव्हता. सासूबाईंनी, फुसाएबाईंनी, ते पाहिलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "किती काळजी घेता हो तुम्ही. आमची मुलं कशी वाढली, देवच जाणे." चेहऱ्यावर हसू होतं, आवाज मऊ होता, आणि क्योतोत बारा पिढ्या राहिलेल्या बाईचं बोलणं कसं ऐकायचं हे शिकायला चितोसेला तीन वर्षं लागली होती. आधी तिला ते कौतुक वाटायचं. साहोच्या किमोनोच्या खांद्यांवर तिने स्वतः चुणी घातली तेव्हाही असंच झालं होतं. किमोनो हारुएचा, मोठ्या बाईचा. अंगासरसा करायला खांद्यावर चुणी घालून टाके मारायचे, आणि तेराव्या वर्षाचं हे देवदर्शन पार पडलं की ते टाके उसवायचे, म्हणजे मुलगी मोठी झाली. शिंप्याकडे न देता चितोसेने पुस्तक समोर ठेवून चार दुपारी तेच केलं. फुसाएबाईंनी चुणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "टाके अगदी मजबूत. साहोने मोठं होऊच नये असे." चितोसे आभारी आहे म्हणाली होती. मोरीत नळ सोडल्यावर तिला कळलं.

आवाज नाही म्हणजे इतोला त्यांनी उचलून घेतलं असेल. अडुसष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, त्या उचलतील? उचलतील. गर्दी आहे. किंवा पाण्याचा आवाज मोठा आहे. बांधाच्या जवळ आलो म्हणून शिट्टी त्यात बुडली. चितोसेने कॉलेजात संख्याशास्त्र घेतलं होतं आणि मग इतो होईपर्यंत एका विमा कंपनीत अपघातांचे तक्ते केले होते. मोठ्या माणसाचं लक्ष उडाल्यापासून मूल पाण्यात जाईपर्यंत किती सेकंद, हा रकाना तिने स्वतः भरला होता. वय वर्षं दोन ते चार. त्या रकान्यातली मुलं ओरडत नसत. हे तक्त्यात नव्हतं, तळटिपेत होतं, बारीक अक्षरात. तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं, दुपारच्या सुट्टीत मैत्रिणीबरोबर भाताचे गोळे खाताना ती त्या तळटिपेबद्दल बोललीही होती, काय चमत्कारिक ना, आपल्याला वाटतं बुडणारा माणूस आरडाओरडा करतो. आणि पुढच्या घासाबरोबर दुसरं काहीतरी बोलायला लागली होती. आता पुलाचा लाकडी कठडा तिच्या उजव्या हाताला होता, खालचा आडवा दांडा आणि वरचा, आणि त्यांच्या मधली फट. ती फट तिने येताना पाहून ठेवली होती. इतोचं डोकं त्यातून जाईल की नाही ते तिने मनात मोजलंही होतं. जाणार नाही असं तेव्हा वाटलं होतं.

साहो सरळ समोर बघत चालत होती. नव्या पांढऱ्या मोज्यांतल्या पावलांचं अंतर अगदी सारखं. केस वर बांधल्यामुळे तिची मान उघडी पडली होती, बारीक, मागच्या बाजूला लव असलेली, आणि ती मान किती जोर लावून सरळ धरली आहे ते तिथल्या दोन शिरांवरून दिसत होतं. देवळात अक्षर लिहिताना तिने बाही पुढे ओढून कागद झाकला होता. चितोसेला पहिली रेघ तेवढी दिसली, आडवी, डावीकडून उजवीकडे, जिच्यापासून हजार अक्षरं सुरू होतात. तरी त्या एका रेघेवरून ती सगळ्या पायऱ्या उतरेपर्यंत विचार करत राहिली होती. अख्खा शब्द एका अक्षरात मावतो तसं, 'आई' असेल का? पण आई हे अक्षर आडव्या रेघेने सुरू होत नाही. या विचाराने तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही लाज वाटली. गेलेल्या बाईचा हेवा करणं म्हणजे काय करणं, हे तिला कधी ठरवता आलं नव्हतं. हारुएचा फोटो बैठकीतल्या देव्हाऱ्यात होता, सकाळचा पहिला भात चितोसेच त्यापुढे ठेवायची, आणि कधी कधी भात ठेवताना तिला वाटायचं की फोटोतली बाई तिच्याकडे नाही, तिच्या खांद्यावरून मागे कुणाकडे तरी बघते आहे.

मागे. तिच्या स्वतःच्या आईने मागे बघायला बारा पावलं घेतली होती. माहेराकडच्या नागाओका शहरातलं मोठं दुकान, तिसरा मजला, बुटांचा विभाग, बाहेर बर्फ. चितोसे पाच वर्षांची. आईच्या कोटाचं टोक हातात होतं आणि लाल बुटांच्या फळीपाशी तिने ते मुद्दाम सोडलं. हरवायचं नव्हतं. आईला कळतं का ते बघायचं होतं. नुकतीच मोजायला शिकली होती म्हणून मोजत राहिली. आईची पाठ, करडा कोट, लोकांमधून पुढे जाणारी. चार. पाच. सातव्या पावलाला आईने एका विक्रेत्याला काहीतरी विचारलं आणि हसली. ते हसणं पाठीवरून दिसलं. अकरा. बाराव्याला वळली, आणि तिचा चेहरा बदलला, आणि धावत येऊन तिने चितोसेचा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. आई रागावली, मग रडली, मग नूडल्स खाऊ घातल्या. एवढंच झालं. कुणाच्याही बालपणात असतं तेवढंच. पण चितोसेच्या आत ती बारा पावलं राहिली होती, वाढली नव्हती, विरली नव्हती, आणि इतो झाली त्या दिवशी नर्सने ते ओलं गाठोडं छातीवर ठेवलं तेव्हा तिच्या मनात आलेलं पहिलं वाक्य होतं, मी तीन घेईन. तिसऱ्या पावलाला बघेन. आता किती झाली होती? मोजलं नव्हतं म्हणून माहीत नव्हतं, आणि माहीत नसणं हेच सगळ्यात वाईट होतं.

मग तिला फोन आठवला. पिशवीतून काढला, केस सारखे करायचे म्हणून धरावा तसा चेहऱ्यासमोर धरला आणि पुढचा कॅमेरा लावला. आधी तिचाच चेहरा, ओळखू न येणारा, ओठ आत ओढलेले. मग खांद्यावरून मागचा पूल. डोकी, टोप्या, एका उंच परदेशी माणसाच्या खांद्यावर बसलेलं कुणाचं तरी मूल, आणि त्यामागे फुसाएबाईंची जांभळी छत्री. छत्रीखाली त्या शांतपणे चालत होत्या. एका हातात छत्रीचा दांडा. दुसऱ्या हातात छातीशी धरलेला मिठाईचा पुडा, तेरा तऱ्हेच्या मिठायांचा, जुनी रीत म्हणून त्यांनीच देवळाखाली घेतलेला. दोन हात. चितोसेने दोन हात मोजले. चित्राच्या खालच्या कडेला सगळ्यांच्या कमरा कापलेल्या होत्या आणि मूल असेल तर त्या कडेच्या खाली असेल. तिने फोन जरा तिरका केला.

"ते पण बघणंच झालं," साहो म्हणाली.

ती समोरच बघत होती. फोनकडे तिने डोळे कसे वळवले ते कळलं नाही. आवाजात चीड नव्हती. अपेक्षा होती ती संपली, असा आवाज. चितोसेने फोन पिशवीत टाकला. केस सारखे करत होते असं काहीतरी ती पुटपुटली. आणि तेवढ्यात, बसने हॉर्न दिला म्हणून असेल, समोरच्या घोळक्याने धक्का दिला म्हणून असेल, साहोने हात पुढे केला आणि चितोसेच्या बाहीची कड दोन बोटांत धरली. आधारासाठी धरतात तशी. घोळका गेला तरी सोडली नाही.

एक, चितोसेने मोजलं. दोन. फुसाएबाईंनी इतोला अंगाशी धरून चालायला लावलं असेल. चार. पुडा मनगटाला अडकवून बोटं मोकळी ठेवली असतील, त्या हुशार आहेत, तीन मुलं वाढवलीत त्यांनी. सात. पुलाचं टोक दिसत होतं, तिथले हातरिक्षावाले काळ्या सदऱ्यांत ओरडत होते, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी तोमोआकी एक डोळा मिटून उभा असेल. एवढंच तर अंतर आहे. अकरा. बाहीवर दोन बोटांचं वजन होतं, फार थोडं, पाखराएवढं, आणि ते वजन हाताच्या नसांतून वर चढत छातीपर्यंत आलं होतं. बारा. बारा आलं आणि काही झालं नाही. तिला वाटलं होतं या आकड्याला काहीतरी होईल, पाय थांबतील, घशातून नाव बाहेर पडेल. पायांनी तेरावं पाऊल टाकलं. तिला स्वतःची पाठ दिसायला लागली, करड्या रंगाची, लोकांमधून पुढे जाणारी. आणि कुणीतरी खूप खालून, कमरांच्या खालून, ती पाठ बघत मोजत होतं. इतोला मोजता येतं का? पाचपर्यंत येतं. पाचानंतर ती परत एकवर जाते. एकवीस. बावीस. मी आत्ता वळेन. साहोची बोटं सुटली की वळेन. तिने बोटं सोडू नयेत. सत्तावीस. घाम काखेतून कमरेपर्यंत आला. उन्हं चांगली होती, नदीवरून वारं येत होतं, डोंगरावर शेवटची फुलं राहिली होती, आणि पुलावरचा प्रत्येक माणूस एवढ्या सुंदर दिवसाचे फोटो काढत होता.

एकोणचाळीसला साहो थांबली.

"आवाज येत नाहीये," ती म्हणाली.

"कसला आवाज?" चितोसे म्हणाली. हे शब्द तिने म्हटले. पुढे कधीही, कुणीही विचारलं नाही तरी, ती हे नाकारू शकणार नव्हती. आवाजही साधा निघाला, भाजी कसली म्हणून विचारावं तसा.

साहोने तिच्याकडे पाहिलं. मग पुलाचं टोक पन्नास पावलांवर असताना ती पूर्ण वळली, खांदे, मान, डोळे सगळं, आणि एकदा मागे नजर टाकून म्हणाली, "आजी एकटीच आहे." आणि पळाली. किमोनोत पळता येत नाही. तिने समोरचे पदर दोन्ही मुठींत धरून गुडघ्यापर्यंत वर घेतले आणि पळाली.

चितोसेच्या पायांना ते कळायला एक श्वास लागला. मग तीही. माणसं अंगावर येत होती, खांदे, कॅमेरे, लहान मुलांच्या गाड्या. प्रत्येक गाडीत ती बघत होती आणि प्रत्येक गाडीत दुसरंच मूल होतं. फुसाएबाई साहोला मागे येताना पाहून थबकल्या होत्या, छत्री कलली होती. "इतो? ती तुमच्याकडे आली ना?" त्या म्हणाल्या. "पुलावर चढलो आणि हात सोडवून पळाली. म्हटलं, गेली आईकडे. तिला आई लागते सारखी." बोलता बोलता त्यांचा चेहरा सगळा उतरला, हसूसकट, आणि खाली एक साधी म्हातारी बाई उरली. चितोसे थांबली नाही. आता तिने नाव घेतलं. इतो. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, दुसऱ्यांदा इतका फुटला की रस्त्यापलीकडचेही लोक वळले. कठड्याच्या फटीतून खालचं पाणी दिसत होतं, हिरवं, बांधापाशी पांढरं, आणि त्यात काहीच नव्हतं, त्यात कधीच काही दिसत नाही.

पुलाच्या तोंडाशी, जिथून त्यांनी चालायला सुरुवात केली होती, तिथे तिला बूट दिसले. लोकांच्या पायांमधून. पिवळे, दोन, शेजारी शेजारी, टाचा जुळवून नीट लावलेले, आणि त्यांच्या पलीकडे कठडा आणि नदी. पाण्याच्या काठाला जोडून ठेवलेली पादत्राणं म्हणजे काय, ते तिथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. माणूस जीव द्यायला जातो, जोडे नीट लावून जातो, दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. तीन वर्षांचं मूल असं करत नाही हे तिच्या डोक्याला माहीत होतं. पण पोटाला माहीत नव्हतं. ती बुटांपर्यंत पोहोचली आणि खाली बसली आणि ते हातात घेतले. आतून अजून ऊबदार होते.

"इथे आहे," साहोचा आवाज आला, वरून.

चहाच्या टपरीचा लाल कापड अंथरलेला बसका चौथरा होता, गुडघाभर उंच. माणसांच्या गर्दीने तो झाकला गेला होता. त्यावर एक म्हातारं जोडपं चहा पीत बसलं होतं आणि त्यांच्या मागे, पाय पोटाशी घेऊन, तोंडाला गोड चिकट रस माखून, इतो बसली होती. तिला साहोने कवेत घेतलं होतं, किंवा इतोनेच साहोच्या गळ्याला मिठी घातली होती. म्हातारी कौतुकाने चितोसेला म्हणाली, "वळण छान लावलंय हो मुलीला. बूट काढले, फिरवून नीट लावून ठेवले, मग चढली वर. आजकाल मोठ्यांना नसतं एवढं. आम्ही म्हटलं, आई येईलच, म्हणून एक गोड गोळा दिला." चितोसेने मान लववून आभार मानले. तीनदा मानले. हे वळण तिनेच लावलं होतं. कुठेही चढायचं असेल तर आधी बूट, बूट काढले की टोकं बाहेरच्या बाजूला, दिवसातून दहा वेळा, न चिडता, मूल पुस्तकातल्यासारखं वागेपर्यंत. म्हणून शिट्टी थांबली होती.

फुसाएबाई धापा टाकत आल्या. त्यांनी आधी इतोच्या डोक्याला हात लावला, मग मिठाईचा पुडा चौथऱ्यावर ठेवला. साहोच्या किमोनोची उजव्या खांद्यावरची चुणी फाटून उलगडली होती, बाही हातावर लांब लोंबत होती, दोऱ्याचं टोक वाऱ्यावर हलत होतं. त्यांनी ते टोक बोटांत धरलं. "आज घरी गेल्यावर उसवायचीच होती," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, चितोसेकडे न बघता, "मला वाटलं होतं त्यापेक्षा टाके कच्चे निघाले. बरं झालं." नंतर त्या साहोला म्हणाल्या की देऊळ जवळच आहे, वर जाऊन पुन्हा नमस्कार करून यावं, पुष्कळ मुलं येतात तशी, चालतं.

"नको," साहो म्हणाली. "बोधिसत्त्व विचारतील, आत्ता दिलेलं कुठे टाकलंस."

फुसाएबाई हसल्या. चितोसेचा फोन वाजायला लागला, तोमोआकीचा. तिकडून तो विचारत होता की तुम्ही पूल बांधत बांधत येताय का, मी इथे दोनशे अनोळखी लोकांचे फोटो काढलेत. येतोय, एवढंच ती म्हणाली. इतोला बूट घालताना पट्टी तिच्या हातून बसत नव्हती. साहो शेजारी उकिडवी बसली, पट्टी तिने बसवली, आणि खालीच बघत, आजीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

चितोसेला उत्तर तयार करायला वेळ होता. पट्टी बसल्यावर साहो दुसरा बूट उचलेपर्यंत. "आवाज नाही हे कळलं होतं," ती म्हणाली.

"मग?"

"तू बघू नका म्हणाली होतीस." म्हणताक्षणी ते वाक्य कुणाच्या अंगावर पडलं ते तिला दिसलं. परत घ्यायला तिने तोंड उघडलं. बाहीवरची दोन बोटं, ती सुटू नयेत म्हणून मी एकोणचाळीस पावलं चालले, हे कोणत्या शब्दांत सांगायचं ते तिला येत नव्हतं. सांगितलं तर ते त्या मुलीच्या गळ्यात बांधल्यासारखं झालं असतं, जन्मभरासाठी. ती नुसतंच म्हणाली, "चूक माझी."

साहोने दुसरी पट्टी दाबली. "मला वाटलं होतं, तुम्ही बघालच," ती म्हणाली. "मी सांगितलं तरी. तुम्ही नेहमी बघता. म्हणून मी निवांत होते." ती उठली, लोंबणारी बाही मनगटापर्यंत वर ओढली, ती परत खाली आली. "अर्ध्यापर्यंत निवांत होते."

पूल तर पुन्हा ओलांडायचाच होता. फुसाएबाई छत्री मिटून पुढे निघाल्या, गुडघा जरा जास्तच ओढत. चितोसेने इतोचा हात धरायला हात पुढे केला तर तो हात आधीच साहोच्या हातात होता. ती थांबली, तशी साहो म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा, चितोसे-सान. आम्ही मागे येतो. मी आता कितीही बघू शकते."

चितोसे पुढे झाली. पुलावर पाऊल ठेवलं. मागे पीं झालं, मग पीं. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. तिने त्या तशाच ठेवल्या. एकोणचाळीस हा आकडा ती तोमोआकीला सांगणार नव्हती, आईला सांगणार नव्हती. तो नागाओकाच्या बाराशेजारी जाऊन बसला होता, आणि त्याच्यापुढे बारा इतका लहान दिसत होता की तिला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आपल्या आईला फोन करावासा वाटला, काहीही बोलायला, तिथे बर्फ वितळला का विचारायला. पीं, पीं. बस. पाणी. कठड्याची फट. अर्ध्या पुलावर, जिथे बांधाचा आवाज सगळ्यात मोठा होतो, तिथे शिट्टी थांबली.

ती थांबली. माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत राहिली. एका पर्यटकाचा खांदा लागला, त्याने माफी मागितली. तिने समोर बघितलं, डोंगर, रिक्षावाले, सासूबाईंची मिटलेली छत्री, आणि पाठीमागे जेवढं जग होतं ते सगळं मानेवर उभं राहू दिलं.

"खडा गेलाय बुटात," मागून साहो म्हणाली. "काढतेय. थांबा."

"थांबलेय," चितोसे म्हणाली.